मावशींसाठी थोडंसं काम

"या महिनाअखेर दुकानाला कुलूप!" ताईंनी नवऱ्याला ठणकावलं, जणू त्यानंच त्यांना शिलाई मशीनला बांधून ठेवलं होतं! बायकांचे कपडे शिवून शिवून गुडघे कुरकुरत होते, म्हातारपणापुरते पैसे गाठीला होते आणि दुपारी ढाराढूर झोपायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा उरली होती.

अडचण होती ती मावशींची. काजं-बटणं करायला त्या पहिल्या दिवसापासून ताईंच्या जोडीला होत्या. दुकान बंद झालं तर त्यांची कमाई बुडणार! ताईंनी जरा अंदाज घेतला.

"मावशी, काम थोडं कमी केलं तर चालेल का हो तुम्हाला?"

"कमी कशाला? मी अजून दहा वर्षं हलत नाही बघा!"

बिचारीला पैशांची एवढी निकड? ताईंना भडभडून आलं. कुलूप राहिलं बाजूला, त्यांनी दुकानाचा भाडेकरारच आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतला!

तिकडे मावशींच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, त्या रोज नवं गिऱ्हाईक पकडून आणू लागल्या. आधी हॉटेलचे पडदे. मग अख्ख्या इस्पितळातल्या नर्सचे गणवेश! नाही म्हणायला ताईंची जीभ रेटेना. दोघी पेंगत पेंगत शिवू लागल्या.

शेवटी एक थोराड नर्स गणवेश नाचवत, तणतणत आली.

"यातून डोकं कुठून काढायचं?"

ताईंनी गळाच शिवून टाकला होता! आणि त्या बंद गळ्यावर मावशींनी डुलक्या घेत ओळीनं बटणं लावली होती, अगदी सुबक.

नर्स गेल्यावर ताईंना रडूच फुटलं. "मावशी, मला नाही हो जमत आता. तुमच्या पोटावर पाय यायला नको, म्हणून रेटत होते."

"माझ्या?" मावशी बघतच राहिल्या. "अहो, माझी लेक कधीची बोलावतेय राहायला! तुम्ही काम कमी करायचं म्हणालात, मला वाटलं दुकान बुडतंय. म्हणून दारोदार फिरून गिऱ्हाइकं आणली!"

दोघी पोट धरधरून हसल्या. ताईंनी त्यांना मिठीच मारली. "चला, आजच टाळं लावू!"

"आजच नको," मावशी उगाचच सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तुमच्या गुडघ्यांसाठी मोटरची मशीन घेतलीय मी. उद्या येतेय. हप्त्यांवर. दुकानाच्या नावावर."

"किती वर्षांचे हप्ते?"

"दोनच!"

ताईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनीही पाच वर्षांच्या कराराचं सांगून टाकलं.

मावशी विचारात पडल्या. "मग ताई, हप्ते फिटल्यावर उरलेली तीन वर्षं आपण करायचं काय?"