नत्थुजी पाटलांच्या जोड्याची व सातशे पावलांची हकीकत

आधी वंदन पायांस, कारण मस्तक कितीही थोर झाले तरी उभे त्यांच्यावरच राहते. मग वंदन वऱ्हाडच्या काळ्या मातीस, जी पावसात पाय सोडीत नाही आणि उन्हात पाय ठेवू देत नाही. त्याउपरी श्रोते सावध होऊन ऐकोत. कित्येक थोरांनी फर्माविले की, नत्थुजी पाटील यांनी लेकाच्या लग्नात पायांत काय घालावे याविषयी जी मोहीम केली ती कशी झाली, कोण जखमी, कोण शाबूत, साद्यंत लिहावे. सबब जे कानी आले आणि जे गाडीच्या चाकोरीत उमटले होते ते लिहिले आहे. पदरचे घातले नाही; घातले असेल तर तिखटमिठाइतकेच.

शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर. ते समयी पाताळात, ज्यास साहेबलोक अमेरिका म्हणतात, भावाभावांत युद्ध जुंपले आणि तिकडील कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या, मग साहेबांस वऱ्हाडची याद आली आणि वऱ्हाडच्या कापसास असा भाव चढला की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या झळकू लागल्या आणि ज्यांच्या घोंगडीस भोके होती ते शालजोड्या पांघरून भर उन्हात घाम गाळीत मिरवू लागले. दर्यापुराजवळचे नत्थुजी पाटील हे असेच एक नवे दौलतवान. मनाने राजा, डोईस लाल पागोटे, कानात भिकबाळी. फक्त पाय पाटलांचे ऐकत नसत. आयुष्य ढेकळांत गेल्याने पाय पुढून सुपासारखा पसरलेला आणि बोटे भाऊबंदकी झाल्यागत एकमेकांपासून दूर.

त्यांचे चिरंजीवांचा संबंध उमरावतीचे कापसाचे बडे आडते वामनराव यांची कन्या जमुना हिशी ठरला. माघ मासी वामनरावांच्या घरी कुंकवाचा समारंभ झाला. पाटील आपला नऊ वर्षांचा जुना गावठी जोडा दाराशी काढून आत गेले आणि विडा घेऊन परत आले तो जोडा गायब. तपास करिता कळले की, वामनरावांच्या दारवानाने ते कोणाचे टाकलेले खेटर समजून झाडूने उकिरड्यावर लोटले. पन्नास माणसांदेखत पाटील जोडा शोधीत फिरले आणि ओटीवरून कोणी फिसकन हसले. पाटील अनवाणी गाडीत जाऊन बसले. त्यांचे कुटुंब पार्बताबाई मागे राहिल्या आणि काठीने उकिरडा उकरून त्यांनी जोडा काढिला, पुसला आणि गाडीत कडब्याखाली सरकविला. घरी गेल्यावर पाटलांनी तो गोठ्यातील खुंटीस टांगला आणि शपथ वाहिली की, लग्नात पायांत असे काही घालीन की दारवान उठून मुजरा करील.

ऐसियास वामनरावांकडून पत्र आले. मजकूर की, आमच्या घराण्याचा रिवाज आहे, दोन्ही व्याह्यांनी शिवेवर भेट घेऊन हातात हात घालून मांडवापर्यंत सातशे पावले पायी चालावे. गाडी, घोडा चालणार नाही. वाटेत थांबल्यास अपशकुन. हे वाचून पाटलांनी आपल्या पायांकडे पाहिले. जोडा भारी हवा आणि सातशे पावले सोसणाराही हवा, ऐसा पेच देवादिकांसही पडला नसेल. ते बरे वाहनांवर बसतात.

मग पाटलांनी मसलतीस मंडळी बोलाविली. त्यात मुख्य पाटलांचे मेहुणे खुशालराव. हे एकदा मुंबईस जाऊन आले होते आणि समुद्र पाहिल्याच्या बळावर सर्व विषयांत बोलत. प्रथम अकोल्यास सांडणीस्वार गेला, म्हणजे गावचा महार दोन दिवस चालत गेला, आणि तेथील जोडेवाले जैनुद्दीन कारीगर यांस जरीच्या जोड्यासह घेऊन आला. जोडा अव्वल, चोच मोराच्या मानेसारखी वळलेली. जैनुद्दीनमियांनी पाटलांचा पाय मांडीवर घेतला, बहुत वेळ पाहिला, आणि अदबीने अर्ज केला की, हुजूर, जोडा नवाबी पायाचा आहे आणि हा पाय रयतेचा आहे, या पायासाठी वेगळा जोडा शिवावा लागेल, दीड महिना द्यावा. लग्नास उरले वीस दिवस. मियांस विडा देऊन रवाना केले, आणि खुशालरावांचे फावले.

त्यांनी हुकूम सोडिला की, साहेबी बूट आणावा. कापूस घेणाऱ्या कंपनीच्या दलालास सांगून बूट मुंबईहून निघाले, रेल जिथवर आली होती तिथवर रेलने आणि पुढे बैलगाडीने कूच करीत गावी दाखल झाले. पेटी फोडिली, भुसा काढिला, आणि आतून दोन काळेभोर बूट निघाले. चकाकी ऐशी की त्यात पाटलांस आपले पागोटे दिसले. आता आपल्याकडील जोड्यास उजवा-डावा भेद नसतो. जो हाती लागेल तो पायात. खुशालरावांनी बूट मांडून पाहिले आणि निर्णय दिला की, चोचा बाहेर वळलेल्या ठेवाव्या, बैलाची शिंगे बाहेर वळलेली असली तरच जनावर उमदे दिसते. पार्बताबाई दाराआडून म्हणाल्या की, हे दोन सारखे नाहीत, एकाचे पोट इकडे आणि एकाचे तिकडे, जरा पाहून घ्यावे. त्यावर खुशालरावांनी फर्माविले की, बूट हे विलायती राजकारण आहे, बायकांनी त्यात पडू नये. बाई गप बसल्या. शहाण्या बायका गप बसतात तेव्हा पुरुषांनी सावध व्हावे. पण तितकी अक्कल असती तर बखरी कशास लिहाव्या लागत्या?

मग पायांस बुटांत घालण्याचा घनघोर संग्राम झाला. दोघांनी बूट धरिला, दोघांनी पाटील धरिले, आणि पाटलांनी डोळे मिटून कुलदैवत धरिले. एक पाय शिरला, दुसरा फिरला. मग करडईचे तेल चोपडिले. मग बुटांत भिजले हरभरे भरिले की फुगून बूट ताणतील. हरभरे फुगले, त्यांस मोड आले, बूट जागचा हलला नाही. हरभरे बैलांनी खाल्ले, आणि साऱ्या मोहिमेत एवढेच काय ते सत्कारणी लागले. तरीही पाटील रोज दुपारी पाय बुटांत कोंबून, दार लावून अंगणात चालण्याचा सराव करीत. दहा पावलांवर घोटा सुजे, वीस पावलांवर करंगळी पेटे, तिसाव्या पावलास पाटील खाली बसत. सातशेचा हिशोब कोणी काढीत नसे. पार्बताबाईंनी एकदा गोठ्यातील खुंटीकडे पाहिले, तेव्हा पाटलांनी मान फिरविली.

इकडे ही खबर फुटली. वामनरावांच्या कानी गेले की, पाटील साहेबी बूट घालून येणार. मग त्यांस आपला मोजडीचा जोडा फिका दिसू लागला आणि त्यांनी त्याच दलालाकडून तसलेच बूट मागविले. उजवे-डावे त्यांसही ठाऊक नव्हते. ज्या गावात बूटच नाही तेथे त्याची रीत कोण सांगणार?

वैशाख वद्य पंचमीस, तिसऱ्या प्रहरी, पाटलांच्या वऱ्हाडाने उमरावतीच्या शिवेवर मुक्काम केला. नवरदेव घोड्यावर, त्यांस पायांची फिकीर नव्हती. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरे परतताना. जमीन तव्यासारखी तापलेली आणि भेगांत बाभळीचे काटे. वाजंत्री झडली, आणि पाटील गाडीतून उतरून निघाले. समोरून वामनराव निघाले. पाटील डावीकडे लंगडले, वामनराव उजवीकडे लंगडले. पाटील दात खाऊन झुकले, वामनरावही झुकले. आरशात पाहावे तसे दोघे एकमेकांकडे येऊ लागले, आणि दोन्हीकडची मंडळी तोंडास उपरणे लावून हसू लागली. पाटलांस माघातील ती ओटी आठवली आणि ते गरजले.

"माह्या लंगडण्याची नक्कल करून राहिले काय, आडते?"

"मी कायले करू? तुमीच माही करून राहिले, पाटील."

मग शब्दास शब्द लागला. पाटलांनी हुकूम दिला की गाड्या फिरवा, लग्न झाले नाही ऐसे समजा. गाडीवानांनी कासरे उचलिले. नवरदेवाचे तोंड उतरले, आणि तिकडे मांडवात हळद लागलेली जमुना पाटावर बसून होती. खुशालराव समुद्राविषयी काही सांगू लागले, ते कोणी ऐकिले नाही. इतक्यात पार्बताबाई गाडीतून खाली उतरल्या, दोघांच्या मधे उभ्या राहिल्या, आणि डोईवरचा पदर सारखा करून बोलल्या.

"अवो, बैलाचा खांदा बदलला का बैल चालत नाई. डाव्याले उजवीकडं जुपलं तं तो गाडी नाल्यात घालते. तुमी दोघायनं बी बूट उलटे जुपले हायेत. बसा खाली."

दोघे महापुरुष शिवेच्या दगडावर बसले. चौघांनी ओढून बूट काढिले. चारही पाय फुगलेले, आणि दोघांच्या करंगळीस फोड, दोघांच्या टाचेस फोड, ऐन त्याच जागी. पाटलांनी वामनरावांचे पाय पाहिले, वामनरावांनी पाटलांचे, आणि भांडण आपोआप निवाले. बूट सुलट करून पाहिले. पण सुजल्या पायांस आता सुलटे काय नि उलटे काय, एकही शिरेना. अनवाणी चालावे तर फोड उघडे आणि जमीन पेटलेली. कोणाचा जोडा मागावा तर भरभराटीचे दिवस, साऱ्या वऱ्हाडाने लग्नासाठी नवे जोडे घेतलेले आणि प्रत्येकजण आपापल्या जागी लंगडत होता. दूरवर गुरांच्या घंटा वाजू लागल्या.

तेव्हा पार्बताबाईंनी गाडीतील कडब्यात हात घातला आणि खुंटीवरून गुपचूप आणलेला तो जुना जोडा काढून पाटलांपुढे ठेविला. मऊ झालेला, पायाच्या घाटाचा, उजवे-डावे न जाणणारा. अवघ्या लष्करात न चावणारा तेवढा एकच. पाटील त्याकडे पाहत राहिले आणि पाय उचलेना. त्यांस खरोखर वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपविले नाही. ज्याच्यापायी हसू झाले तेच घालून त्याच दारी जावे, याहून हार ती कोणती?

वामनरावांनीही जोडा ओळखिला. मान खाली घालून बोलले ते येणेप्रमाणे.

"हा माह्या उकिरड्यावर पडला व्हता. गड्यानं फेकला अन् ओटीवरून हासलो तो मीच. यातला येक मले द्या, पाटील. आमी फेकलेल्यात आमीच पाय घालतो."

 पाटलांनी जोड्यातील एक त्यांच्याकडे सरकविला आणि दुसऱ्यात आपला पाय घातला. ज्यास उजवे-डावे नाही तो कोणासही होतो. मग दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकिला आणि एकेक पाय उचलून धरून, जोड्याच्या पायावर उड्या मारीत, ते सातशे पावले चालिले. वाजंत्र्यांनी त्या उड्यांवर ताल धरिला. उमरावतीच्या लोकांस वाटले की व्याह्यांच्या प्रेमाची हीच परमावधी, आणि पुढील दोन लग्नांत तसे करून पाहणाऱ्यांपैकी एकाचा घोटा मुरगळला, तो वेगळा प्रसंग.

गुरे वेशीत शिरली आणि व्याही मांडवात शिरले, मुहूर्त साधिला. दाराशी जोडा काढिला तो वामनरावांनी दस्तुरखुद्द उचलून पाटावर ठेविला आणि त्याच दारवानास त्यावर पहाऱ्यास बसविले. दारवानाने आधी त्यास मुजरा केला आणि मग चारही बूट झाडूने उकिरड्यावर लोटिले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. जखमी टाचा चार, करंगळ्या चार, खुशालरावांची इज्जत एक. ठार कोणी नाही. फत्ते आमची, ऐसे नत्थुजी पाटील म्हणत; आमची, ऐसे वामनराव म्हणत; मसलत आमची होती, ऐसे खुशालराव अद्याप म्हणतात. ज्यांची होती त्यांस कोणी पुसले नाही, सबब येथे नोंदून ठेविले आहे. पार्बताबाई ते समयी मांडवात नव्या सुनेच्या पायांशी बसल्या होत्या, आणि तिच्या बोटांत नुकती चढविलेली जोडवी चाचपून हळूच विचारीत होत्या की, "चावत नाई ना, माय?"