कोतवाल बादलीत बुडाला त्याची हकीकत

लढाया बहुत जाहल्या आणि त्या लिहिणारेही बहुत जाहले, परंतु फरशीवर जाहलेली लढाई कोणी मनावर घेऊन लिहिली नाही. सबब ती लोकांचे स्मरणातून पुसली जाऊ नये म्हणोन, जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता, येथे लिहून ठेविले असे.

एक डोळ्यांचे इस्पितळ होते. वीस खाटा, दोन जिने, आणि वरचे मजल्यावर शस्त्रक्रियेचे दालन, ज्यास तेथील दरबारी भाषेत थिएटर म्हणत. त्या दालनाचे सफाईची सरदारी थोरल्या मावशींकडे, आणि ती आजकालची नव्हे, सव्वीस वर्षांची. बाईंचा दरारा असा की डॉक्टर मंडळीही उंबरठ्यावर आधी मावशी कोठे आहेत ते पाहत आणि मग पाय उचलत. त्यांचे शस्त्र फिनेल. फिनेलचा वास खालचे जिन्यापर्यंत पोहोचला म्हणजे मुलूख निर्धास्त जाहला, ऐसा त्यांचा सिद्धांत होता. आणि गनीम म्हणजे जंतू, जो नजरेस पडत नाही आणि ज्याचे फौजेची गणती नाही, तो या वासानेच परागंदा होतो, ऐसे त्या नव्या बायकांस शिकवीत.

त्याच महिन्यात त्यांनी आपली भावजय चाकरीस लाविली. भाऊ शिडीवरून पडोन कंबरेने अधू जाहला होता आणि घरी दोन मुली होत्या, म्हणोन मावशींनी डॉक्टरीणबाईंपाशी आपला शब्द टाकिला आणि वहिनी पोछा घेऊन मोहिमेवर रुजू जाहली. बाई अबोल, परंतु कामास वाघीण.

पुढे इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी फिनेलास रजा दिली आणि निळ्या कॅनांतून नवे औषध मागविले. त्यावर नाव होते क्वाटर्नरी अमोनियम. हे नाव कोणाचे जिभेवर चढेना. दोन दिवस लोकांनी त्याचे हाल हाल केले आणि तिसरे दिवशी त्याचा कोतवाल जाहला. मग डॉक्टरीणबाईंचा हुकूम सुटला की, बादलीभर पाण्यास एक टोपण कोतवाल घालणे, आत दुसरे काहीही न मिसळणे, पुसलेली जागा दहा मिनिटे ओली राहू देणे, वरून कोरडे फडके न फिरविणे, यात कसूर न करणे. सर्वांनी माना हलविल्या. थोरल्या मावशींनीही हलविली, परंतु ती मानेनेच, मनाने नव्हे. त्यांनी टोपण उघडून नाकाशी नेले तो वास नावापुरता.

"वास नाही ते औषध कसलं? ह्यानं माशी तरी हलेल का जागची?" ऐसे त्या कॅनालाच म्हणाल्या.

मग दुसरे दिवशी सकाळी बादल्यांचे खोलीत कोणी नाही ऐसे पाहून त्यांनी पाण्यात एक टोपण कोतवाल ओतिला आणि त्यावर साबणाची पूड दोन मुठी घातली. कोतवाल नवखा, त्यास एकटे कशास धाडावे, सोबत जुना जाणता शिपाई असावा, ऐसी मसलत. फेस वर आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. यात कपट तिळमात्र नव्हते. होती ती सव्वीस वर्षांची माया आणि थोडा ताठा.

आता इस्पितळाचा रिवाज ऐसा की, दर पंधरवड्यास लॅबवाले भाऊ थिएटरात येत, टेबल, दिवा, भिंत आणि फरशी यांवरून कापसाच्या काड्या फिरवीत, त्या काड्या काचेच्या वाट्यांत टेकवीत आणि वाट्या दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवीत. गनीम असला तर वाटीत ठिपक्यांच्या छावण्या पडत. त्या वेळी अकरा वाट्या ठेविल्या आणि सातांत छावण्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी तत्काळ थिएटरास कुलूप लाविले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया तहकूब जाहल्या.

थोरल्या मावशींनी हे मनास लावून घेतले आणि दुसरे खेपेस साबण तीन मुठी घातला आणि फरशी लगोलग कोरडी करून आरशासारखी लखलखविली. तो नऊ वाट्या भरल्या. मग त्यांनी मुठी चार केल्या. तिसरे खेपेस अकराही वाट्या भरल्या.

इकडे बाहेरच्या बाकावर एक म्हातारा शिंपी रोज पिशवी घेऊन येई. त्याचे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि एकटाच जीव, दुकान बंद. तो कोणास दोष न देता विचारी, "उघडलं का हो?" आणि मावशी त्याचे समोरून जाण्याचे टाळू लागल्या.

मग कारभाऱ्यांची बैठक बसली आणि चौकशी जाहली की, नवे काय घडले? औषध नवे, आणि बाई नवी. औषधावर कारखान्याचा दाखला होता; बाईवर कोणाचाच नव्हता. सबब ठराव जाहला की, सोमवारपासून वहिनीने कामावर न येणे. थोरल्या मावशी त्या बैठकीत भिंतीशी उभ्या होत्या. आपले काय चुकले हे त्यांस ठाऊक नव्हते हे खरे; परंतु हुकमाबाहेर काय केले हे ठाऊक होते, आणि त्या गप्प राहिल्या, हेही खरे.

वहिनी घरी गेली आणि मावशी मागोमाग गेल्या. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. माझंच काहीतरी कमी पडलं असेल." भाऊ खाटेवरून छताकडे पाहत होता. मावशींनी तांब्या तसाच खाली ठेविला.

दुसरे दिवशी त्या लॅबमध्ये गेल्या आणि लॅबवाल्या भाऊंस म्हणाल्या, "भाऊ, माझ्या ओळखीची एक बाई आहे. ती ह्या कोतवालात साबण घालते. चालतं का हो?"

लॅबवाले भाऊ कमी बोलणारे. त्यांनी एका पेल्यात साबणाचे निवळ पाणी घेतले, दुसऱ्यात कोतवालाचे निवळ पाणी घेतले, आणि एकात दुसरे ओतिले. दोन्ही निवळ होती ती मिळोन दुधासारखी गढूळ जाहली. मग भाऊंनी वर्तमान सांगितले ते ऐसे की, कोतवालाचे डोके धन विजेचे आणि शेपूट लांब, तेलकट; जंतूचे अंगरख्यावर ऋण वीज; सबब कोतवाल जंतूस आपण होऊन मिठी मारतो, शेपूट त्याचे अंगरख्यात खुपसतो, आणि मग तट फुटोन जंतूचा आतला ऐवज बाहेर सांडतो व तो मरतो. परंतु साबणही ऋणच. बादलीत साबण भेटला म्हणजे कोतवाल त्यालाच मिठी मारोन बसतो आणि रणांगणापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय मिठी बसण्यास वेळ लागतो, म्हणोन दहा मिनिटे ओल हवी. आणि बीजाणू नामे जे चिवट कवचवाले, ते कोतवालास मुळीच जुमानत नाहीत. सबब हत्यारांस वाफेची भट्टी निराळी.

"ती ओळखीची बाई कुठं असते कामाला?" भाऊंनी विचारले.

"इथंच," मावशी म्हणाल्या.

मग त्या जिना चढोन डॉक्टरीणबाईंच्या दालनात गेल्या. आत तीन डॉक्टर बसले होते. एकटे बोलावे ऐसे मनात आले होते, आणि मग ठराव चारचौघांत जाहला तर कबुलीही चारचौघांतच व्हावी, ऐसे त्यांनीच ठरविले.

"बाई, साबण मी घातला. तिन्ही वेळा. वहिनीचा काही संबंध नाही. काढायचं तर मला काढा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेविला. "मावशी, तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात."

"बसले."

मग हुकूम जाहला की, वहिनीस आजच सन्मानाने परत आणणे. थिएटर दोघींनी मिळोन नव्याने धुणे. थोरल्या मावशींचे काय करावे ते वाट्या पाहोन ठरेल.

दुसरे दिवशी सकाळी आठाचे सुमारास दोघी थिएटरात शिरल्या. प्रथम छत, मग दिवा, मग भिंती, मग टेबल, मग फरशी, ऐसा साबणाने मळ काढिला, कारण मळ असता कोतवाल त्यातच गुंततो. मग निवळ पाण्याने तीनदा धुवून साबणाचे नाव शिल्लक ठेविले नाही; धुतलेले सर्व कोरडे केले, आणि मग नवी बादली, निवळ पाणी, एक टोपण, बस. कोतवालाची ओल सर्वत्र पसरली आणि दोघी दारात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. ही दहा मिनिटे या मोहिमेत सर्वांत बिकट. ओली फरशी पाहोन मावशींचा हात आपोआप फडक्याकडे गेला आणि वहिनीने मनगट धरिले.

"वन्सं, राहू द्या."

तीन मिनिटे गेली. मग वहिनी हळूच म्हणाली, "फेस मी पाहिला होता."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. हुकमात तर साबण नव्हता."

"मग बोलली का नाहीस? काम गेलं होतं की तुझं!"

"तुमच्या शब्दावर काम मिळालं. तुमच्याचविरुद्ध कुठल्या तोंडानं बोलू?"

"अगं, चांगली कानाखाली वाजवायचीस."

"नणंदेच्या?" वहिनीने विचारले; आणि मोहिमेचे ऐन धुमाळीत दोघी तोंडावर पदर धरोन हसल्या, आणि मग थोरलीचे डोळे भरोन आले, आणि वहिनीने मनगट सोडिले नाही. दहा मिनिटे पुरी जाहली.

लॅबवाल्या भाऊंनी पुन्हा काड्या फिरविल्या आणि दोन दिवसांनी वाट्या उघडल्या. अकराही वाट्या रिकाम्या, एक ठिपका नाही. कुलूप निघाले, आणि पहिल्या मानकऱ्याचा मान शिंपीबाबांस मिळाला. पट्टी सुटल्यावर ते मावशींकडे निरखोन पाहत म्हणाले, "बाई, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय. आणून द्या."

डॉक्टरीणबाईंचा निकाल ऐसा जाहला की, सरदारी कायम, परंतु यापुढे बादली एकीने भरावी आणि दुसरीने पाहावी, आणि पाहणारीने डोळ्यांदेखत चूक जाहल्यास वडीलधारेपण न पाहता बोलावे. थोरल्या मावशींनी हा हुकूम मानेने नव्हे, मनाने मानिला. थिएटराचे दारावरच्या वहीत सफाई करणाराची सही लागते आणि सव्वीस वर्षे तेथे एकच सही होती. त्या दिवशी मावशींनी लेखणी वहिनीचे हाती दिली आणि म्हणाल्या, "आधी तू."

वहिनीने सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली, आणि तिचे खाली थोरल्या मावशींनी केली. येणेप्रमाणे गनीम निःशेष जाहला, कोतवालाची आण फरशीवर फिरली, आणि फत्ते दोन सह्यांनिशी वहीत दाखल जाहली असे.