लिफ्ट बंद, कोलेस्टेरॉल उतरतीला

माणसाच्या रक्तात काय चाललंय, हे त्याला सोडून सगळ्यांना कळतं. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट निघालं. ते तपासणीवाल्यांनी डॉक्टरीणबाईंना कळवलं, डॉक्टरीणबाईंनी सुनेला, आणि सुनेने दिवेलागणीच्या आत पाचही मजल्यांना. (सासूबाईंना कळलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून. तिने चक्क गोड आवाजात तब्येत विचारली, तेव्हाच त्यांनी ओळखलं.)

डॉक्टरीणबाईंचा हुकूम लेखी होता. आवडेल असा व्यायाम, रोज, अर्धा तास. दम इतकाच लागावा की बोलता यावं, पण गाता येऊ नये. तीन महिन्यांत आकडा दोनशेच्या खाली न आल्यास तेलातुपाच्या कपाटाची किल्ली सुनेच्या ताब्यात द्यावी. (हे शेवटचं कलम सुनेने सुचवल्याचं मागाहून निष्पन्न झालं.) सदर किल्ली सदतीस वर्षं सासूबाईंच्या कमरेला होती. एक वेळ मूत्रपिंड दिलं असतं त्यांनी.

गाण्याची अडचण नव्हती, त्यांना कुणी कधी गा म्हटलंच नव्हतं. अडचण आवडीची. हास्यमंडळात जाऊन त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "पण हसायला झालंय काय?" त्यानंतर मंडळ आठवडाभर बंद राहिलं. बागेत चालून पाहिलं, तर झाडं काही बोलत नाहीत. मुलाने चालायचं यंत्र आणून दिलं. त्यावर टॉवेल फार छान वाळतात.

अशात इमारतीची लिफ्ट बंद पडली. सासूबाई गादी उन्हात टाकायला पहिल्या मजल्यावरून गच्चीकडे निघाल्या. तिसऱ्यावर शिंपी आणि शिंपीण, बटाट्याची गोणी वर आणायची कुणी यावरून एकमेकांचं माहेर आणि खानदान काढत होते. पाचव्यावर दोन सख्खे भाऊ गॅसच्या टाकीवरून वाटणीपर्यंत पोचले होते. सासूबाई दाराशी थांबल्या. (दम खायला. आरोग्यशास्त्रात याला विश्रांती म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी गादी न घेताच त्या तीनदा वर जाऊन आल्या. पाहणीत असं आढळलं, की नाडीचे ठोके दुसऱ्या मजल्यावर चारने वाढतात (नवीन लग्न झालेलं जोडपं, अजून काही दम नाही), तिसऱ्यावर बावीसने, पाचव्यावर मोजदादच नाही. तिथे दोन मिनिटं त्यांना बोलताही येत नसे. आयुष्यात प्रथमच त्या दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेऊ लागल्या.

आता त्यांचा मुलगा लिफ्टचाच मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी तो पान्यांची पिशवी घेऊन उठला.

"पंधरा मिनिटांचं काम आहे, आई."

"पंधरा मिनिटांत माझी किल्ली घालवशील."

"लिफ्टचा आणि किल्लीचा काय संबंध?"

"तू लिफ्टचं शिकलायस ना, तेवढंच बोल. सुटा भाग मिळत नाही म्हणून पाटी लाव, आणि जेवायला ये."

पाटी लागली.

तीन महिन्यांनी आकडा आला एकशे एक्याऐंशी. शिंप्याचा पट्टा तीन भोकं आत गेला, सून सहा किलोने उतरली, अख्खी इमारत निरोगी झाली. आभार कुणी मानले नाहीत ते सोडा. सुनेने किल्लीकडे एकदा पाहिलं; सासूबाईंनी ती कमरेच्या दुसऱ्या बाजूला खोचली.

मग त्यांनी मोठ्या मनाने लिफ्ट सुरू करू दिली, आणि घात झाला. शिंपी बायकोची पिशवी हातात घेऊ लागला. दोघे भाऊ एकाच ताटलीतून शेंगदाणे खाताना दिसले. पाच मजल्यांत एक आवाज चढेल तर शपथ. महिन्याभरात कोलेस्टेरॉल दोनशे चौदा, आणि सून कपाटाशी घुटमळू लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खंड पडू देऊ नका, हवं तर जागा बदला.

त्यानुसार सासूबाईंनी समोरची इमारत पाहून ठेवली आहे. सात मजले, दारं पातळ, माणसं तापट. म्हणजे तुमचीच. आजारी बाईच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा कृपया सहकार्य करावं. भांडण दाराजवळ करावं, आणि एका वेळी एकानेच बोलावं, धाप लागलेली असताना नीट ऐकू येत नाही. तुमची लिफ्ट सोमवारपासून बंद आहे, त्याची चौकशी करून उपयोग नाही. सुटा भाग मिळत नाही.