सगळ्यांना पहिला मान

"आणि माझा कँटीनचा कॅमेरापण पहिल्या रांगेत टाक," असं उदाजीराव म्हणाले, तेव्हाच अजेयने नोकरी सोडायला हवी होती.

देवासच्या त्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये अजेयचं काम सरळ होतं. कुणाचा डेटा आधी सोडायचा आणि कुणाला थांबवायचं, हे नेटवर्कच्या स्विचला सांगायचं. मशीनचा डेटा पुढे, बाकी सगळे मागे. पण जनरल मॅनेजर उदाजीरावांचे पणजोबा संस्थानात कारभारी! रांग म्हटली की यांना मानपान सुचायचं.

"खरेदीवाले रुसतील, स्टोअरवाले तोंड फुगवतील. सगळ्यांना पहिला मान दे ना, भिया! और कॅमेरा भूलना मत. चहाला कोण किती वेळ बसतो, बघायला नको?"

"साहेब, सगळेच पहिले केले तर..."

"बहस नको."

अजेयने मुकाट्याने दिला मान. वाद घालायला वेळ कुणाला होता? त्याच संध्याकाळी सहा वीसला धारला भाचीचं, देवश्रीचं लग्न होतं. नवरीला मांडवात मामाने आणायचं. अजेयच्या बहिणीने, अक्काने बजावलं होतं, "मान तुझाच हो. तीनला नीघ." देवश्रीचा साखरपुडा या ऑफिसपायीच हुकला होता. आज चुकलं, तर पोरीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

दोन वाजता अख्खा कारखाना ठप्प झाला.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा जुनाट. त्याला झेपेनासं झालं, की तो मागे निरोप धाडायचा, 'थांबा.' त्याच्या रांगेतल्या सगळ्यांना थांबावं लागे. आणि त्या रांगेत तर आता सगळी कंपनी उभी होती!

"कँटीनच्या कॅमेऱ्यापायी मशिनी बंद?" उदाजीराव कडाडले.

"हो साहेब. त्याला मागे टाकू?"

"माझ्याच कॅमेऱ्याला? आणि ते खरेदीवाले पुढे? हरगिज नाही!"

दीड तास हेच दळण चाललं. शेवटी अजेयचं टाळकं सटकलं. त्याने मशीनचा डेटा एकटा पुढे ठेवला, कॅमेऱ्यासकट सगळे मागे ढकलले आणि उदाजीरावांसकट प्रत्येकाला फोन करून सांगितलं, "तुमचाच नंबर पहिला ठेवलाय, कुणाला सांगू नका." मिनिटभरात मशिनी धडधडू लागल्या.

"बघ, मला पुढे ठेवल्याबरोबर कसं पटापट चाललं!" उदाजीराव खूश झाले. तोवर पावणेचार वाजले होते. अजेय पळत सुटला.

इंदूरच्या गर्दीत अडकून तो धारला पोचला, तेव्हा सहा पंचवीस झाले होते. मुहूर्त टळलेला! पण मंगलाष्टकं ऐकूच येईनात. नवरीच्या खोलीच्या दारात चुलतमामा नीलकंठदादा आणि मावसमामा प्रतापराव एकमेकांना अडवून उभे होते, आणि आत देवश्री रडकुंडीला आली होती.

"अक्के, हे काय?"

"अरे, कुणाला नाही म्हणू? तिघांनाही सांगितलं, मान तुझाच."

अजेयने कपाळावर हात मारला. मग तो नीलकंठदादांच्या कानाशी लागला. "दादा, पहिला मान तुमचा. अंतरपाटापाशी पुढे होऊन उभे राहा, कुणाला सांगू नका." प्रतापरावांच्या कानातही तेच सांगितलं. दोघेही मिशीत हसत, लगबगीने मांडवाकडे निघाले.

देवश्रीने डोळे पुसले. "मामा, आणि मला काय सांगणार?"

"तुला खरं सांगतो," अजेयने तिचा हात धरला. "चल लवकर, ते दोघं परत फिरायच्या आत."