डोळ्यातले चोरटे नळ

रोज सकाळी साडेसातला शेळकेमामा आमच्या खिडकीसमोर उभे राहतात, एक डोळा घट्ट मिटतात आणि ओरडतात, "ग्रिल सरळ हाय का हो तुमची?" मी "आहे" म्हटलं की खूश होऊन समोरच्या घराकडे वळतात.

डॉक्टरांनी त्यांना चौकटींचा कागद दिला होता. रोज एक डोळा मिटून बघायचा. रेघा वाकड्या दिसल्या की तडक यायचं. मामांनी तो पहिल्याच दिवशी हरवला आणि गल्लीतल्या ग्रिलांवर भागवलं. समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंना वाटलं, म्हातारा डोळा मारतोय. त्यांचा नवरा बाह्या सरसावून खाली आला.

मामा पाणीपुरवठ्यातले निवृत्त लाइनमन. त्यांनी त्याला तिथंच धडा दिला. "साखरेनं डोळ्यातल्या बारीक लाइनी चोक झाल्या. पडद्याला रक्त पोचंना. मंग त्यानं अर्ज सोडला, व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन. 'नवीन लाइन द्या!' एरवी लई कामाचं, जखम भरायला बी लागतं. पण इथं झाले चोरटे कनेक्शन. कच्चे पाइप, सगळीकडं गळती! आपल्या शहरावानीच. डोळ्यात देत्यात ते इंजेक्शन पाइप उकरत नाय. अर्जच फाडून टाकतं!"

नवरा बाह्या खाली करत वर गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची साखर तपासून आला.

गेल्या महिन्यात मामांच्या इंजेक्शनाला मी आणि मामी सोबत होतो. मामांनी बाहेर बसलेल्या झाडून सगळ्या पेशंटांना धीर दिला, "मुंगी चावल्यावानी बी नाय!" आणि स्वतःचं नाव पुकारताच बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

मी वैतागलो. "मामा, सुईला घाबरता?"

"सुईला कोण घाबरतंय?" आतून आवाज आला. "दुसऱ्या डोळ्यानं नुसता उजेड दिसतो. ह्याला पट्टी बांधली की उद्यापर्यंत ही काय बोलली ते मला कळत नाय."

मामींचा आवाज घशाच्या ऑपरेशनात गेला. त्या हातांनी बोलतात. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण पट्टी बांधली की मामांना ते हात दिसत नाहीत, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आज चुकवलंत तर कायमचं कळणार नाही, मामा."

कडी निघाली.

परतताना रिक्षात मामा पट्टी बांधून बसले होते. मामींनी त्यांचे दोन्ही हात ओढून आपल्या हातांवर ठेवले आणि रागारागानं हातवारे सुरू केले. मामांचे हात त्यांच्याबरोबर फिरत राहिले.

"हळू बोल की गं," मामा म्हणाले, "कळायलंय मला."