साबळे सरांचा पापुद्रा

साबळे सर भाकरीचा फक्त पापुद्रा खायचे. खालचा भाग बाजूला सारून म्हणायचे, "जाडी आली की संपलं!" राहात्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी इतिहास. क्वार्टर्सही शेजारी. माझा विषय त्यांच्या मते फारच जाड होता.

ज्याला त्याला एसटीडी बूथ काढायचं वेड लागलं होतं, त्या काळात सरांना वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचं वेड. स्टीलची ताटली रसायनात बुडवून वीज सोडली की तिच्यावर हिरवा पापुद्रा धरायचा. त्याचा शर्टाच्या बटनाएवढा सेल करायचा, हा एकच ध्यास. बोटं कायम हिरवी. अंगाला असा दर्प, की स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी. घरातल्या ताटल्या संपल्यावर पाहुण्यांना पोहे वर्तमानपत्रावर मिळू लागले.

प्राचार्य एकदा म्हणाले, "साबळे, सेल दुकानात मिळतात हो."

"प्राचार्यही मिळाले असते तर बरं झालं असतं," सर म्हणाले. त्यांची बढती का रखडली, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पापुद्रा मात्र दगा द्यायचा. कधी तडकायचा, कधी चार्ज धरायचा नाही. अखेर एका रविवारी संध्याकाळी सर धावत आले. "टिकला! सकाळचा चार्ज अजून तस्साच! धुवायला पाण्यात ठेवलाय, चला बघायला."

आम्ही पोचलो तेव्हा त्यांची आई मोरीत ती ताटली राखेनं घासत होती.

"आये, थांब!" सर ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही. लखलखीत ताटली वर धरून ती म्हणाली, "एवढा शिकला, अन् भांड्याला शेवाळ धरू देतो व्हय?"

आता तमाशा बघायला मिळणार म्हणून मी सरसावलो. सर मटकन उंबऱ्यावर बसले.

"तिच्या कानाच्या मशीनसाठी चाललं होतं हो," ते हळूच म्हणाले. "सेल पुण्याहून आणावा लागतो. संपेल म्हणून ती पाहुणं आल्यावरच मशीन लावते. एरवी आपल्या दोघांत कशाला जाळायचा, म्हणते."



तेवढ्यात म्हातारीचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं हात पुसले, फळीवरच्या डबीतून मशीन काढून कानाला लावलं आणि म्हणाली, "बसा मास्तर, च्या टाकते."

सर लगबगीनं तिच्याजवळ सरकले. "आये, ताटली लई झाक घासली."

"मंग!" म्हातारी खुलली, आणि मायलेक बोलू लागले.

एरवी त्या घरातल्या रसायनांच्या वासात मी क्षणभर थांबत नसे. त्या दिवशी चहा संपला, तरी मी उठलो नाही.