चावरे बूट

बूटवाल्या काकांच्या खुर्चीला चाकं बसली, त्या दिवशी त्यांचे पाय निवृत्त झाले, असं काकूंचं स्पष्ट मत होतं.

आधी काका निदान कपाटापर्यंत उठून जायचे. चाकं आली आणि तेही बंद झालं. गिऱ्हाईक दारात दिसलं की पायाने जमीन ढकलायची, सर्रकन कपाटाशी. पुन्हा ढकलायची, सर्रकन गल्ल्याशी. वरच्या फळीवरचे खोके काढायला त्यांनी एका लांब काठीला आकडा लावून घेतला होता. काठी इतकी लांब, की समोरून जाणाऱ्या एका गृहस्थाची तिरकी टोपी काकांनी बसल्या जागेवरून सरळ करून दिली म्हणे. खरं-खोटं त्या टोपीला माहीत. पण दिवसभर गावाच्या पायांत बूट घालणारा हा माणूस स्वतः चालत नव्हता, हे मात्र खरं. घर दुकानाच्याच वर. सकाळी जिना उतरायचा, रात्री चढायचा, आणि तेवढ्यातसुद्धा मधल्या पायरीवर बसून इंजिनासारखी वाफ सोडायची.

"चाला," डॉक्टर म्हणाले.

"वेळ कुठाय?" काका म्हणाले.

"मग आजारी पडायला वेळ काढून ठेवा."

हे काकूंनी फोनवरून मुलाला सांगितलं. मुलगा दूरच्या मोठ्या शहरात, चौदाव्या मजल्यावर राहायचा. तो काकांना फोन द्यायला सांगून म्हणाला, "बाबा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं ना, तर मी येतो, शटर ओढतो आणि तुम्हाला दोघांना इकडे घेऊन जातो. बास झालं आता दुकान."

काकांनी फोन ठेवला आणि दुकानभर नजर फिरवली. दुकान त्यांच्या वडिलांचं होतं. त्या दुकानातल्या कातड्याच्या वासात ते लहानाचे मोठे झाले, आणि मोठ्याचे जाडे झाले. आणि मुलाच्या त्या चौदाव्या मजल्यावर ते एकदा राहून आले होते. खिडकीतून खाली बघितलं की माणसांची नुसती डोकी दिसायची, पाय दिसायचेच नाहीत. जिथे पाय दिसत नाहीत तिथे बूटवाल्याने जगायचं कशाच्या आधारावर?

तरीही चालणं काही जमेना. सकाळी निघावं तर माल यायचा. दुपारी निघावं तर शाळेच्या बुटांची गर्दी. संध्याकाळी निघावं तर दारातल्या बाकावर हेडसर येऊन बसायचे. हे शाळेतून निवृत्त झालेले हेडसर. रोज संध्याकाळी त्या बाकावर बसून जगाला मार्क द्यायचे आणि शक्यतो नापास करायचे.

काकूंनी परोपरीने बघितलं. पाण्याचा माठ मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. काकांनी बाटली भरून खुर्चीला बांधली. फोन वर घरात नेऊन ठेवला. वाजला की काका गिऱ्हाइकालाच म्हणायचे, "जरा वर जाऊन बघता का हो कोणाचा आहे?"

"अहो, लोकांना चालवताय, स्वतः कधी चालणार?"

"अगं, उद्यापासून नक्की."

ही 'उद्या' त्या घरात इतकी वर्षं राहत होती, की तिचं नाव दारावरच्या पाटीवर लावायचं तेवढं बाकी होतं.

आणि मग एका संध्याकाळी हेडसर लंगडत आले. बगलेत नवेकोरे तपकिरी बूट, टाचेवर पट्टी.

"शेठ," हेडसर खाली मान घालून म्हणाले, "राग मानू नका. पण तुमचा बूट चावतो."

काकांच्या कपाळावरची शीर टरारली. ते गल्ल्यावर बसल्यापासून दुकानाचा बूट चावला असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांचे वडील म्हणायचे, चावरा बूट विकणं आणि चावरं कुत्रं विकणं सारखंच. काकांनी सवयीने अंगठ्याने टाच दाबून बघितली. लोण्यासारखी लागली. पण समोर पट्टी होती ना! स्वतःच्या अंगठ्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा, ही वडिलांचीच शिकवण.

"ठेवून जा," काका म्हणाले. "मी स्वतः घालून मऊ करून देतो. आपल्या दोघांचा पाय एकाच मापाचा."

"एक विनंती आहे. आमच्या हिला कळू देऊ नका. हे बूट तिने पसंत केलेत. पिवळ्या नाड्यासुद्धा तिने स्वतः ओवल्यात. चावतात म्हटलं तर बुटाच्या आधी तीच चावेल."

हेडसर परत गेले. येताना डाव्या पायाने लंगडत होते, जाताना उजव्या. पण ते बघायला काका भानावर होते कुठे! त्यांना वडील दिसत होते. एखाद्याने बूट चावतो म्हटलं की वडील तो बूट स्वतः घालून संध्याकाळी पुलापर्यंत चालत जायचे. छोटे काका त्यांच्या मागे. नव्या बुटाची कचकच, पुलाखालचं पाणी, आणि परत येताना खिशातून निघणारी आंबटगोड गोळी. एकदा चालता चालता आपण वडिलांना काहीतरी विचारलं होतं आणि वडिलांनी हसून ओठांवर बोट ठेवलं होतं, हेही त्यांना आठवलं. काय विचारलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

काका खुर्चीवरून उठले. खुर्ची बिचारी दचकून दोन हात मागे गेली.

त्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले. दुसऱ्या दिवशी टपालपेटीपर्यंत. आणि गंमत अशी, की गावातल्या बुटांना एकाएकी दात फुटले. आज बँकेतल्या कॅशियरचा बूट चावला, उद्या केशकर्तनालयवाल्याचा. ज्यांचा पाय काकांच्या मापाचा, अशा सगळ्यांचे बूट रांगेने येऊ लागले. काका डाव्या पायात एकाचा आणि उजव्या पायात दुसऱ्याचा बूट घालून निघायचे, म्हणजे एका फेरीत दोन गिऱ्हाइकं.

मग बायका तरी मागे का राहतील?

"बायकांच्या चपला मी घालायच्या?" काका ओरडले.

"तुम्ही कशाला? मी आहे की," म्हणून काकूंनी पदर खोचला.

अशी दोघं रोज निघायला लागली. लग्न झालं तेव्हा घरात माणसंच माणसं होती. नवरा-बायकोला बोलायचं असलं तर रस्ताच गाठावा लागायचा. पुढे घर रिकामं झालं आणि बोलायचंही राहून गेलं. आता पुन्हा रस्त्यावर आल्यावर काकूंच्या तोंडून कधीच्या कधी राहिलेल्या गोष्टी बाहेर पडायला लागल्या. काकाही बोलायचे. श्वास उरेल तेवढं.

सगळं असं लोण्यात सुरी जावी तसं चाललं होतं. आणि गाण्याच्या बाईंची चप्पल आली.

या बाई गावात नव्या. एकट्याच राहायच्या, घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांची चप्पल मात्र खरोखरच चावरी निघाली. काकूंच्या अंगठ्याला तिने असा चावा घेतला, की काकू पाय पाण्यात सोडून बसल्या. चप्पल मऊ झाली होती, पण पोचवायला काकांना एकट्यालाच जावं लागलं. पायात अर्थात हेडसरांचे बूट. कितीही चाललं तरी हेडसर म्हणायचे, "अजून जरासे चावतात हो."

काकांनी बूट दारात काढले, चप्पल दिली. बाई म्हणाल्या, "उन्हातून आलात, जरा टेका." काका टेकले. आत शिकवणी चालली होती. एक मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होती, अशी संथ, अशी लांब, की ऐकता ऐकता काकांची मान एका बाजूला गेली आणि त्यांनी खालच्या सुरात घोरायला सुरुवात केली. बाई म्हणे नंतर सांगत होत्या, सूर बरोब्बर लागला होता.

तेवढ्यात रस्त्यावरून भाजीची पिशवी घेऊन हेडबाई चालल्या होत्या. हेडबाई म्हणजे हेडसरांच्या मिसेस. त्या शाळेत कधीच शिकवायला नव्हत्या, पण हेडसरांच्या हेड त्या होत्या म्हणून हेडबाई. दारातल्या पिवळ्या नाड्या त्यांना लांबूनच दिसल्या. त्या थांबल्या. आतून गाणं येत होतं आणि गाण्याच्या खालून घोरणं. हेडबाईंनी एक शब्द न बोलता बूट उचलले, भाजीच्या पिशवीत कोबीवर ठेवले आणि घरचा रस्ता धरला.

काका जागे होऊन बाहेर आले, तर दार रिकामं.

"चोरी!" काका म्हणाले, आणि त्यांना दरदरून घाम फुटला. गिऱ्हाइकाचा बूट! वडिलांच्या दुकानाच्या नावावर! आता मुलगा शटर ओढायच्या आधी गावच ओढेल.

ते मोज्यांवरच निघाले. भिंतीच्या कडेकडेने, मांजरासारखे. पण बूटवाला अनवाणी चाललाय म्हटल्यावर कोण सोडतंय?

"काका, खप जोरात दिसतोय! पायातले पण विकले?"

"अहो, दुकान बुडालं की काय?"

काका पळायला लागले. होय, पळायला! दुकानात शिरले, आकड्याने तसेच तपकिरी बूट खाली ओढले, पिवळ्या नाड्या ओवल्या आणि खोका घेऊन थेट हेडसरांच्या घरी पोचले. धाप लागायची होती हे ते विसरूनच गेले.

आत हेडसर खुर्चीत अंग चोरून बसले होते. टेबलावर ते बूट, शेजारी कोबी, आणि समोर हेडबाई.

"शेवटचं विचारते. त्या बाईच्या घरी कोण घोरत होतं?"

"मी वाचनालयात होतो गं!"

"हो? आणि बूट एकटेच गाणं शिकायला गेले?"

एवढ्यात काकांनी दारातूनच खोका पुढे केला. "सर, हे घ्या तुमचे बूट! आता जन्मात चावायचे नाहीत."

हेडबाईंनी खोक्यातल्या बुटांकडे बघितलं. टेबलावरच्या बुटांकडे बघितलं. काकांनीही टेबलाकडे बघितलं, आणि त्यांच्या हातातून खोका पडला.

"चावायचे?" हेडबाईंचा आवाज एकदम खाली आला. पहिल्या गुन्ह्यापेक्षा हा दुसरा फार मोठा होता. "मी पसंत केलेले बूट चावतात?"

"नाही नाही!" हेडसर उभेच राहिले. "लोण्यासारखे आहेत! पहिल्या दिवसापासून लोणी!"

"लोणी?" आता काका भडकले. "मग टाचेला पट्टी कशाला होती?"

"पट्टी तर वहिनींनी लावली!"

बोलून गेल्यावर हेडसरांनी तोंडावर हात ठेवला. खोलीत कोबीसुद्धा गप्प झाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकू घरोघर गेल्या होत्या. 'तब्येतीसाठी चाला म्हटलं तर हे पाऊल उचलणार नाहीत, पण दुकानाच्या बुटाला नाव ठेवलं तर पृथ्वीप्रदक्षिणा करतील. तेवढं चावतो म्हणा, एवढे उपकार करा.'

"मी कशाला नाही म्हणू?" हेडसर पुटपुटले. "शेठ शहरात गेले तर मी संध्याकाळी बसायचं कुठे? बाक दुकानाचाच आहे."

"वहिनींनी सांगितलं म्हणून एवढं नाटक केलंत," हेडबाई म्हणाल्या, "आणि मी सांगितलं तर साधी कोथिंबीर आणत नाही." पण त्यांचे ओठ थरथरायला लागले होते. मग त्या जे हसत सुटल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घोरणारा कोण होता, ते कळल्यावर तर त्यांना भिंतीला धरावं लागलं.

हेडसरांनी काकांचे हात धरले. "वहिनींना सांगू नका हं, मी फोडलं म्हणून."

काका हेडसरांचेच बूट घालून निघाले. ते घरी न जाता पुलाशी जाऊन थांबले. खाली पाणी पूर्वीसारखंच वाहत होतं. त्यांनी वाकून अंगठ्याने टाच दाबली. लोणी. आणि त्या लोण्यासरशी त्यांना त्यांचा तो प्रश्न आठवला. ह्याच पुलावर त्यांनी वडिलांच्या बुटाला हात लावून विचारलं होतं, "बाबा, हा तर मऊच आहे. मग आपण कशाला चालतोय?"

आणि वडील ओठांवर बोट ठेवून म्हणाले होते, "श्श. आईला सांगू नकोस."

काका कठड्याला टेकले. वडिलांनाही जिना चढताना दम लागायचा. आणि आई दुपारी शेजारणींकडे फार जायची. नव्या सुनेला स्वयंपाकघरात बसवून तासन्‌तास कानात काय सांगायची, तेही आज कळलं. काका एकटेच हसले. मग बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा हसले.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "एवढा वेळ?"

"हेडसरांचा बूट गं. फारच चावरा. अजून महिनाभर तरी सुटका नाही."

काकूंनी पाण्यातला पाय हलवला आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, नळीच बिघडली असेल म्हणून झटकून बघितली. "काय केलंत?"

"काही नाही. धंदा वाढला."

मुलगा आला होताच, शटर ओढायच्या तयारीने. संध्याकाळी तोही आईबापांबरोबर पुलाकडे निघाला. काकू पुढे, हेडबाईंच्या चपला चटचट वाजवत. मागे ही दोघं. पुलावर काका नाडी बांधायला थांबले, तर मुलगा वाकला. त्याने बुटाची टाच दाबली. शेवटी पोरगा बूटवाल्याच्याच घरचा.

"बाबा, हे तर मऊच आहेत की. मग तुम्ही रोज कशाला..."

काकांनी पुढे चाललेल्या काकूंकडे एकदा बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. आईला सांगू नकोस."

आणि खिशातून एक आंबटगोड गोळी काढून त्यांनी मुलाच्या हातावर ठेवली.